तिखटाची तिसरी साक्ष

कोश कार्यालयात माणसापेक्षा शब्दाचा मान मोठा. माणूस उशिरा आला तरी चालायचं, न सांगता दांडी मारली तर फार तर चहाचा एक कप वाया जायचा. पण शब्दाला साक्षीदाराशिवाय आत घ्यायचं नाही म्हणजे नाही. प्रत्येक अर्थाला तीन साक्षी. साक्ष म्हणजे कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा छापलेलं वाक्य, तळहाताएवढ्या, जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने उतरवलेलं. खाली चार रकाने: बोलणारा, ठिकाण, तारीख, ऐकणारा. यातला पहिला आणि शेवटचा एकच माणूस असता कामा नये. नाहीतर कोशातला प्रत्येक जण घरी आरशासमोर उभा राहून भाषा तयार करत बसेल. तीन साक्षी जमल्या की अर्थ पक्का. दोनच असल्या तर त्याच्यापुढे ‘जुना’ असा शिक्का, आणि पुढच्या आवृत्तीत तो अर्थ गळतो. दाढ पडल्यासारखं असतं ते. बाहेरून कुणाला कळत नाही, जीभ तेवढी अधूनमधून तिथे जाऊन येते.

या कार्यालयात एकतीस वर्षं चिठ्ठ्या लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे चिठ्ठीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण खिशाला दोन पेन्सिली, नाकावर घसरलेला चष्मा आणि कुणी काही बोललं की ‘पुन्हा म्हणा’ म्हणायची खोड असलेल्या माणसाला मास्तर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ते बाजारात फिरत. भाजीवाली त्यांना लांबून बघून शेजारणीला कोपर मारायची, “आले, आले. आता तोंड मिट. लिहून घेतात.” शिंप्याला तर कित्येक वर्षं ते कर खात्याचे वाटत होते. मास्तर दुकानात आले की तो फक्त मापं बोलायचा. कोशात ‘छाती’ आणि ‘बाही’ या शब्दांना साक्षी उदंड आहेत, त्याचं कारण तो शिंपी.

पण मास्तरांचा खरा खजिना घरात होता. बायको बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देऊन तिच्या जिभेला अशी काही धार आली होती की विचारू नका. “गाडी कधी येईल?” या प्रश्नाला ती “आली की दिसेल” असं उत्तर द्यायची आणि वर “दिसली नाही तर मला सांगा, मीही शोधतेय” म्हणायची. घरी आली तरी खिडकी उघडीच. मास्तर जेवता जेवता खिशाकडे हात न्यायचे.

“अहो, आधी घास गिळा, मग माझी जबानी घ्या.”

“नाही, ते पुन्हा म्हण. भाताबद्दल काय म्हणालीस?”

“पुन्हा म्हणायला मी काय ध्वनिमुद्रिका आहे?”

हेही मास्तर लिहून घ्यायचे. बोलणाऱ्याच्या रकान्यात नाव लिहायचं नाही, धंदा किंवा नातं लिहायचं, अशी कार्यालयाची पद्धत. म्हणून ‘भाजीवाली’, ‘शिंपी’, ‘बसमधला म्हातारा’. आणि तिच्या चिठ्ठ्यांवर ‘घरची’. अशा दोनशे चौदा चिठ्ठ्या झाल्या. एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, कशावरून ते आता कुणाला ठाऊक, तेव्हा ती ताटावरून उठून म्हणाली होती, “हेही लिहा! बोलणारी घरची, ठिकाण स्वयंपाकघर, तारीख आजची, आणि ऐकणारा... ऐकणारा कुणीच नाही!” मास्तरांनी तेही उतरवलं. ‘ऐकणे’ या शब्दाखाली, ‘मनावर घेणे’ या अर्थाला ती साक्ष लागली. चिठ्ठीवर ऐकणाऱ्याच्या रकान्यात मास्तरांची सही होती, एवढं तिला दाखवायचं मात्र राहून गेलं.

सव्वादोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी ती दूध गॅसवर ठेवून जरा टेकली ती टेकलीच. शेवटचं जे काही बोलली, ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. लिहिलंही नाही.

त्यानंतर मास्तर स्वतः रांधू लागले. रांधू लागले म्हणजे तेल तापवायचं, त्यात दोन मिरच्या मोडून टाकायच्या, ठसका लागला की जे हाताला येईल ते वर लोटायचं. पुढे दोनाच्या चार मिरच्या झाल्या, चाराच्या सहा. मिळमिळीत काही पोटात गेलं तर जेवलो की नाही तेच त्यांना कळेनासं झालं होतं. जीभ पोळली, नाक वाहिलं, डोळ्यांतून पाणी आलं, की जेवण झालं. भिंतीपलीकडची शेजारीण रोज संध्याकाळी पावणेआठला खोकायची. मास्तरांच्या दिवसातला घरी ऐकू येणारा तेवढाच मनुष्याचा आवाज. पण खोकल्याला साक्ष म्हणून धरता येत नाही.

रविवारी परगावाहून मुलीचा फोन यायचा.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“काय केलं होतं?”

“भाजी.”

“कसली?”

मास्तर जरा विचारात पडत. “हिरवी.”

“तिखट कमी खा हं. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तुला सांगितलंय, मला नाही,” मास्तर म्हणायचे. मग दोघेही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचे आणि फोन ठेवायचे.

आणि नेमका याच दिवसांत मास्तरांच्या टेबलावर ‘तिखट’ आला. ‘त’चा खंड महिनाअखेर छापखान्यात जायचा होता. समोरच्या टेबलावर व्युत्पत्तीवाले तात्या बसायचे. शब्द कुठून आला हे सांगणं त्यांचं काम, आणि न विचारता सांगणं हा स्वभाव.

“तिखट ना? बस. ऐक,” तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मुळात धातू तिज्. अर्थ धार लावणे. त्यातून तीक्ष्ण, त्यातूनच तेज. तीक्ष्णचं लोकांच्या तोंडी झालं तिक्ख, आणि तिक्खचं तिखट. म्हणजे या शब्दात आधी सुरी आली, जिभेची पाळी नंतर. आताच्या शास्त्रज्ञांना विचार, तिखट ही चव नव्हेच म्हणतात. जिभेला होणारी नुसती जळजळ.”

“आणि शेवटचा ट?”

“तो भावंडांचा. खारट, आंबट, तुरट, तिखट, चौघांचं आडनाव एक. गोड आणि कडू तेवढे बाहेरचे.” तात्या आता खुर्चीतून अर्धे उठले होते. “त्या कडूची तर वेगळीच तऱ्हा. कडू आला कटुपासून. पण जुन्या ग्रंथांत कटु म्हणजे कडू नव्हे रे, तिखट! मिरी कटु, सुंठ कटु. कडूला ते तिक्त म्हणायचे. पुढे कधीतरी कटु कडूच्या घरी राहायला गेला आणि त्याच्या रिकाम्या घरात तिखट येऊन बसला.”

“घर रिकामं राहिलं नाही म्हणजे,” मास्तर म्हणाले.

तात्यांनी चष्मा खाली घेतला आणि घसा खाकरून घाईने पुढे गेले. “आणि मिरची! ती तर परवा आली, समुद्रावरून. चारपाचशे वर्षं फार तर. त्याआधी लोक मिरी, आलं, मोहरी यांच्यावरच हाश्शहुश्श करत होते. आता तिखट दे म्हटलं की लाल पूडच पुढे येते. पाहुणी आली आणि किल्ल्या कमरेला लावून बसली.”

मास्तरांनी अर्थ मांडायला घेतले. चवीच्या अर्थाला साक्षी ढिगाने. लाल पुडीला त्याहून जास्त. तिखट जीभ, तिखट स्वभाव, तिथे तर ‘घरची’ एकटीच पुरून उरली असती, पण एका अर्थाला एका माणसाची एकच चिठ्ठी, म्हणून मास्तरांनी नाइलाजाने उरलेल्या बाजूला ठेवल्या. चौथा अर्थ मात्र लंगडा निघाला. तिखट कान, म्हणजे बारीकसारीक आवाज टिपणारे. साक्षी दोन. एक कुठल्याशा जुन्या, पानं सुटलेल्या वाचनपुस्तकातली. दुसरी एका पहारेकऱ्याची, ‘कुत्र्याचे कान माणसापेक्षा तिखट’, तीही मास्तर नोकरीला लागायच्या आधीची. तिसरी नव्हती. म्हणजे ‘जुना’चा शिक्का. तीक्ष्णपासून सरळ चालत आलेला अर्थ, धार अजून अंगावर असलेला, तोच गळणार होता.

मास्तर बाजारात गेले. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हाही नियम. म्हणून वळसा घालून विचारावं लागे.

“समजा, एखाद्याला लांबचं, अगदी बारीक ऐकू येतं,” त्यांनी शिंप्याला विचारलं. “त्याच्या कानांना तुम्ही काय म्हणाल?”

शिंप्याने बराच विचार केला. कर खात्याचा काही डाव दिसत नव्हता. “शार्प,” तो म्हणाला.

भाजीवाली म्हणाली, “मशीन बसवलंय म्हणायचं. माझ्या सासूला बसवलंय. तरी नको ते बरोबर ऐकते.”

आठ दिवस झाले. कुणी शार्प म्हणे, कुणी पॉवरफुल. तिखट कुणीच म्हणेना.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मास्तर ओट्यापाशी उभे होते. तेल अजून तापायचं होतं. न्हाणीघरातला नळ चार मोजायला लागतात तेवढ्या अंतराने टपकत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, चौथा पाय तुटका असलेली. खाली जिन्यात कुलूप उघडलं, ते दुसऱ्या मजल्यावरच्या डावीकडचं, कारण त्याची किल्ली दोनदा फिरवावी लागते. पूर्वी यातलं काहीच ऐकू येत नसे. पूर्वी या घरात एवढी जागाच नव्हती आवाजाला. मास्तर तसेच थांबले. आणि मागून, खिडकीपाशी ती जिथे स्टुलावर बसून शेंगा सोलायची तिथून, तिच्याच किंचित वैतागलेल्या सुरात आलं,

“एकट्या माणसाचे कान फार तिखट होतात हो.”

एकतीस वर्षांची सवय. हात खिशाकडे गेला. चिठ्ठी ओट्यावर ठेवून मास्तरांनी वाक्य उतरवलं, बोलणारी घरची, ठिकाण स्वयंपाकघर, तारीख त्या दिवसाची, ऐकणारा स्वतः, खाली सही. मग मागे वळून बघितलं. स्टुलावर जुन्या पिशव्यांचा गठ्ठा होता.

तेलातून धूर निघू लागला होता. मास्तरांनी गॅस बंद केला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. वाक्य अस्सल होतं. तो ‘हो’ शेवटी लावायची तिची पद्धत होती. फाडायला हात होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती ‘त’च्या पेटीत, चौथ्या अर्थामागे लावली. तीन साक्षी झाल्या.

सहा महिन्यांपूर्वी कार्यालयात नव्या संपादिका आल्या होत्या. वय मास्तरांच्या मुलीएवढं, केस आखूड, नियम पाठ. सगळे त्यांना बाई म्हणत. खंड छापायला जाण्याआधी दर दहा चिठ्ठ्यांमागे एक उचलायची आणि बोलणाऱ्याला गाठून पडताळायची, ही पद्धत पूर्वी फक्त कागदावर होती; बाई ती खरोखर पाळत. त्यामागे एक जुनी हकिगत होती. पूर्वी एका चिठ्ठी लिहिणाऱ्याने घरबसल्या सुतार तयार करून त्यांच्या तोंडी वाक्यं घातली होती. एक खोटा निघाला आणि नियमाप्रमाणे त्याच्या त्या सुताराच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद झाल्या, एका दुपारी चारशे. एक चिठ्ठी खोटी, की त्या बोलणाऱ्याच्या, त्या ऐकणाऱ्याने घेतलेल्या साऱ्या चिठ्ठ्या लगद्यात. रंधा, पटाशी आणि करवत या शब्दांच्या तेव्हापासून कोशात अगदी बारीक नोंदी आहेत.

सोमवारी बाई मास्तरांच्या टेबलाशी आल्या. हातात चिठ्ठी होती.

“मास्तर, काय सुंदर साक्ष आहे ही! पडताळणीत नेमकी हीच निघाली. तुमच्या घरच्यांशी बोलायला आवडेल मला. फोन करू का उद्या?”

समोर तात्यांचं पान उलटायचं थांबलं.

“सकाळी... कामात असते,” मास्तर म्हणाले.

“मग दुपारी?”

“विचारतो.”

“सावकाश. बुधवारपर्यंत चालेल,” बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून हसून गेल्या.

तात्या खुर्ची ओढत जवळ आले. चिठ्ठी उचलून त्यांनी तारीख वाचली, मास्तरांकडे बघितलं, पुन्हा तारीख वाचली. मास्तरांची बायको गेली त्या दिवशी सगळ्यांत आधी पोचलेले तात्याच होते, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून.

“अरे, हे काय करून बसलास?”

“ऐकलं ते लिहिलं.”

“ऐकलं?” तात्यांनी आवाज आणखी खाली आणला. “बरं, ऐकलंस. पण मग तारीख तरी मागची टाकायचीस ना, शहाण्या! हा वर्षातला नऊ बघ. खोडरबर घे, सहा कर. पेन्सिलीचा एक फराटा. तीन वर्षांपूर्वी बोलली, आता ती नाही, बाईंना तसं सांग. दोन मिनिटं त्यांना वाईट वाटेल आणि विषय संपेल.”

“पण तीन वर्षांपूर्वी ती हे बोलली नव्हती.”

“आणि गेल्या गुरुवारी बोलली?”

मास्तरांनी चिठ्ठी तात्यांच्या हातातून काढून घेतली.

“दोनशे चौदा चिठ्ठ्या आहेत तिच्या,” तात्या म्हणाले. “सगळ्या जातील. काय पाहिजे तुला, सांग. एका आकड्याचा खरेपणा की ती?”

त्या संध्याकाळी मास्तर नेहमीच्याच वेळेला निघाले. फक्त पाच थांबे चालत गेले. घरी खोडरबर काढून टेबलावर ठेवलं, चिठ्ठी शेजारी ठेवली. नवाचा सहा करायला खरंच काही लागत नव्हतं. त्यांनी स्टुलाकडे पाठ केली, मग तोंड केलं. “आता तूच सांग,” ते मोठ्याने म्हणाले. नळ टपकला. खुर्ची सरकली. बाकी काही नाही. मास्तरांनी वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. सूर तिचा होता, ‘हो’ तिचा होता. पण एकट्या माणसाचे कान कसे होतात हे तिला कुठून ठाऊक असणार? ती कधी एकटी राहिलीच नव्हती. त्या घरात ते ठाऊक असलेला माणूस एकच होता.

पावणेआठ वाजून गेले तरी त्या दिवशी तेल तापलं नाही.

बुधवारी मास्तर बाईंच्या खोलीत गेले आणि उभेच राहिले.

“बाई, पडताळणीला माणूस मिळणार नाही. सव्वादोन वर्षं झाली तिला जाऊन.”

बाई खुर्चीतून उठल्या, मग काय करावं ते न कळून पुन्हा बसल्या. “मास्तर, मला कुणी... मला खरंच माहीत नव्हतं.” त्यांची नजर चिठ्ठीवर गेली. तारखेपाशी थांबली. “म्हणजे तारीख चुकली असणार. घाईत होतं असं. आधीची असेल.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसती मान हलवायची होती.

“तारीख बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “बोलणारी चुकली. ते वाक्य माझं आहे.”

बाहेर तात्यांच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

“नियमाने मला तुमच्या घरच्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या काढाव्या लागतात. ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग सांगितलंत कशाला? मी काही पंचांग घेऊन बसले नव्हते.”

मास्तरांनी चष्मा वर ढकलला. “ही एक आत राहिली, की बाकीच्या तिच्या राहत नाहीत. माझ्याच होतात.”

बाईंनी टेबलाचा खण ओढला. मग नियमांची वही काढली. पानं मागेपुढे केली. एका ठिकाणी बोट ठेवलं. शंका आली तर चिठ्ठ्या लगद्यात टाकण्याआधी लिहिणाऱ्याला समोर बसवून एकेक तपासता येते, असं एक कलम होतं. आजवर कुणाला एवढा वेळ नव्हता म्हणून ते कोरं राहिलं होतं.

तीन दुपारी लागल्या. बाई चिठ्ठी वाचत, मास्तर प्रसंग सांगत. कुठे उभी होती, हातात काय होतं, आधी काय झालं होतं. एकतीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांना बोलतं केलं तो पहिल्यांदाच एवढा बोलत होता, आणि तेही तिच्या वाक्यांना धरून, जिन्याचा कठडा धरून उतरावं तसा. आगाराच्या खिडकीतल्या चिठ्ठ्यांना बाई एवढ्या हसल्या की तात्या काही ना काही निमित्त काढून आत येऊ लागले आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीच घेऊन आले. ‘ऐकणारा कुणीच नाही’ ही चिठ्ठी आली तेव्हा बाईंनी खालची सही बघितली आणि न विचारता ती ‘राहू दे’च्या ढिगावर ठेवली.

सहा चिठ्ठ्यांवर मास्तर अडले. अक्षर त्यांचं होतं, तारखा जुन्या, वाक्यं साधी. “पाणी जरा कोमट करा.” “त्या दारातून वारा येतो.” तसली.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

“आठवायलाच हवं असं कलमात नाही,” बाई म्हणाल्या. “तारीख आहे, सही आहे.”

“तिचा आवाज येत नाहीये यांतून.” मास्तरांनी सहाही स्वतःच्या हाताने बाजूला काढल्या आणि ढिगाकडे पुन्हा पाहिलं नाही. त्या संध्याकाळी बसथांब्यावर दोन गाड्या आल्या आणि गेल्या, मास्तर बाकावरच होते. ओठ हलत होते. पाणी जरा कोमट करा. पाणी जरा कोमट करा. कसंही म्हटलं तरी ते त्यांच्याच आवाजात येत होतं.

शेवटच्या दुपारी बाईंनी ती तिखट कानांची चिठ्ठी समोर ठेवली, तिच्यावर लाल शाईने ‘बाद’ लिहिलं आणि एक कोरी चिठ्ठी ओढली.

“मास्तर, त्या दिवशी मला काय म्हणालात? एकट्या माणसाचं काय?”

“मी तुम्हाला ते म्हणालो नव्हतो. चिठ्ठीवर होतं.”

“मग आता म्हणा. मी तोंडात शब्द घालत नाहीये. तुमचं म्हणणं विचारतेय.”

मास्तरांनी तात्यांकडे बघितलं. तात्या छताकडे बघत होते.

“एकट्या माणसाचे कान,” मास्तर म्हणाले आणि थांबले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं, बाहेर कुणाच्या तरी पेटीचा खण. “फार तिखट होतात.” शेवटचा ‘हो’ त्यांनी लावला नाही. तो त्यांचा नव्हता.

बाईंनी लिहून घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर ऐकणाऱ्याच्या रकान्यातून उठून बोलणाऱ्याच्या रकान्यात गेले. तिथे काय लिहायचं यावर बाई क्षणभर अडल्या आणि मग त्यांनी लिहिलं, ‘चिठ्ठ्या लिहिणारा’. तात्या म्हणाले, “बघ, तुझ्या तिखटाला ‘जुना’ म्हणणारे आता जुने झाले.” त्यावर कुणी हसलं नाही, तात्यासुद्धा.

“एकूण दोनशे आठ,” बाईंनी गठ्ठा बांधला. मग सहज वरची चिठ्ठी बघून म्हणाल्या, “शेवटची ही त्या जायच्या महिनाभर आधीची दिसते. मग महिनाभर त्या काहीच बोलल्या नाहीत?”

“बोलली,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक बघितलं आणि एक कोरी चिठ्ठी घेतली. ‘बघणे’ या शब्दाखाली, ‘लक्ष ठेवणे’ या अर्थाला. साक्षींची त्या अर्थाला काही कमतरता नव्हती, कोशाला त्या वाक्याची गरजही नव्हती. दुधाकडे जरा बघा हो. बोलणारी घरची. ठिकाण स्वयंपाकघर. तारीख त्या मंगळवारची. ऐकणारा लिहिताना पेन्सिल जरा जोरात टेकली आणि टोक मोडलं, म्हणून सही दुसऱ्या पेन्सिलीने केली.

“दोनशे नऊ,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तरांनी मिरच्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. भूक फारशी नव्हती. पातेल्यात दूध ओतलं, गॅस लावला आणि समोर उभे राहिले. नळ टपकत होता. पलीकडे शेजारीण कुणाला तरी म्हणाली, “आज ठसका नाही आला. बरे आहेत ना ते?” भिंतीतून एवढं स्पष्ट ऐकू येईल असं तिला वाटलं नसणार.

मास्तरांचा हात खिशाकडे गेला नाही. दुधाच्या कडेने बारीक बुडबुडे आले, साय सुरकुतली, मग मधूनच वर उचलली जाऊ लागली. ते बघत होते. पापणीही लवली नाही त्यांची. दूध काठाला येऊन फुगलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, आणि ते हळूहळू खाली बसेपर्यंत तिथेच थांबले. कुणी काही म्हणालं नाही.